न मोजलेलं वर्ष

"कुठल्या गाढवाने केलीये ही यादी!"

निहारिका हे मराठीत म्हणाली, कारण आयर्लंडमधल्या किलकेनीतल्या त्या मैदानाच्या फाटकावर मराठी कळणारं कुणी असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. समोरचा उंच मुलगा एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ताप मोजायचं ते पिस्तुलासारखं यंत्र आणि काखेत क्लिपबोर्ड अशा अवतारात उभा होता. मास्कमुळे त्याचे फक्त डोळे दिसत होते. ते एकदम बारीक झाले... हसला वाटतं मेला!

"त्या गाढवाशीच बोलताय तुम्ही," तो म्हणाला. स्वच्छ पुणेरी मराठीत. "आलोक सरपोतदार. लीगचा रजिस्ट्रार."

दुसरी एखादी असती तर शरमेने मेली असती. पण निहारिका भंगाळे जळगावची होती, आणि सकाळी आठपासून नासहून गाडी हाकत आली होती. अंगात टीमचा काळा-पांढरा शर्ट, मागच्या सीटवर बॅट, तेल लावून मऊ केलेला ग्लव्ह. जून २०२१. पंधरा महिन्यांनी मैदानं उघडली होती. पंधरा महिन्यांनी सामना होता! आणि हा माणूस म्हणत होता, यादीत तुमचं नाव नाही.

"बरं झालं भेटलात," ती म्हणाली. "आता दुरुस्त करा."

"चूक असती तर केली असती." त्याने कागद छत्रीखाली घेतला. "गुरुवारी रोस्टरची मेल गेली, कोण आत आलं, कोण बाहेर गेलं त्याची. हे बघा. नास मॅग्पाइज, दोन खेळाडू आत. बाहेर, एन. भंगाळे. कारण, इम्पोर्ट कोटा पूर्ण."

"इम्पोर्ट?" तिचा आवाज चढला. "मी काय कंटेनरमधून आलेलं केळं आहे?"

"नाही... म्हणजे तो शब्द नियमातला आहे."

"आणि मला ही मेल का नाही आली?"

"ती मॅनेजरना जाते. खेळाडूला मॅनेजरने कळवायचं असतं." त्याने कागदावरून मान वर केली. "कळवलं नाही का त्यांनी?"

नव्हतं कळवलं. मॅनेजर डेक्लन आतमध्ये मैदानावर चुन्याच्या रेषा मारत होता. निहारिकाने फाटकावरूनच त्याला हाक मारली. त्याने लांबूनच हात हलवला आणि ओरडला, "पेपरवर्क आहे गं नुसतं! यू आर ग्रँड!"

ग्रँड! या देशात पाय मोडून घेतला तरी माणूस ग्रँडच असतो.

कोविडमुळे यादीत नाव नसलेल्यांना आत जायला मनाई होती. तिला आपल्याच टीमचा सामना बघताही येणार नव्हता. ती पार्किंगमध्ये परतली, डिकी उघडून तिच्या काठावर बसली. भुरभुर पाऊस पडत होता, छत्री उघडावी तर वेडेपणा वाटावा आणि न उघडावी तर दहा मिनिटांत चिंब, असा. झाडांपलीकडून बॅटचा टणत्कार आला, की तिला कळे, हा चेंडू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून गेला. तिच्या जागेवरून. शॉर्टस्टॉपच्या.

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचं धाकटं भावंड, चेंडू मोठा, मैदान लहान. जळगावात शाळाशाळांतून खेळतात. निहारिका आठवीत असताना पहिल्यांदा शॉर्टस्टॉपला उभी राहिली, कारण तिथे चेंडू सगळ्यात जोरात येतो आणि दुसऱ्या कुणालाही तिथे उभं राहायचं नव्हतं. पुढे चार वर्षं ती महाराष्ट्राकडून खेळली. लिमरिकला एम. एस्सी. करायला आली, २०१९ च्या उन्हाळ्यात नासच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागली, आणि तिथे ही मुला-मुलींची एकत्र खेळायची लीग सापडली, तेव्हा तिला वाटलं होतं, चला, आपली माणसं मिळाली.

दोन डावांच्या मधल्या वेळात आलोक आला. तिच्या डिकीपासून मोजून दोन मीटरवर उभा राहिला, आणि मास्क काढला. चेहरा अगदीच वाईट नव्हता. हे तिच्या लक्षात आलं आणि तिला आणखीच राग आला.

"नियम असा आहे," त्याने सुरुवात केली. "परदेशात राज्य किंवा देशपातळीवर खेळलेला माणूस इथे दोन सीझन पूर्ण होईपर्यंत इम्पोर्ट. एका टीममध्ये असे दोनच चालतात. मॅग्पाइजनी दोन अमेरिकन घेतले, आणि—"

"माझे दोन झालेत की! एकोणीस आणि वीस."

"वीसमध्ये सामनेच झाले नाहीत. तो सीझन धरत नाहीत."

निहारिका उठून उभी राहिली.

"धरत नाहीत म्हणजे? मी होते ना इथे? टीमच्या यादीत होते ना? ते वर्ष मी काय चंद्रावर काढलं?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "एक मार्ग आहे. फॉर्मवर तुम्ही 'महाराष्ट्र राज्य संघ, चार वर्षं' असं लिहिलंय. ती ओळ काढून 'हौशी' लिहून दिलंत, तर पुढच्या शनिवारी तुम्ही आत. कुणी तपासायला येत नाही."

त्याला वाटलं, आपण मदत करतोय. बिचारा!

"ती ओळ," निहारिका म्हणाली, एकेक शब्द तोडत, "खोडायची? जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात भाजले त्या ओळीसाठी. हे ढोपर बघा, तीन टाके आहेत. आईने गल्लीभर पेढे वाटले होते त्या ओळीचे. ती खोडू? तुमच्या लीगला सोयीचं पडावं म्हणून?"

आलोकचे कान लाल झाले. गोऱ्या माणसाचे व्हावेत तसे अगदी टोकापर्यंत.

"सॉरी," तो म्हणाला. "खरंच सॉरी. मूर्खासारखं बोललो." जायला वळला, परत फिरला. "मग अपील करा. सात दिवसांत लेखी द्यावं लागतं."

"कुणाकडे?"

"रजिस्ट्रारकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे... माझ्याकडेच."

तिने डिकी इतक्या जोरात आपटली की झाडावरचे दोन कावळे उडाले.

अपील तिने रविवारी दुपारी एका बैठकीत लिहिलं. अडीच पानं. एकाही वाक्यात 'कृपया' नव्हतं. पाठवून चहा ठेवते तोच उत्तर आलं. "अपील मिळालं. ९ जुलैच्या ऑनलाइन बैठकीत विषय क्रमांक चार म्हणून घेतलं जाईल. नियमाप्रमाणे अपील करणाऱ्या खेळाडूला हजर राहता येईल, बोलता येणार नाही. ता. क. रागात तुमचं इंग्रजी फार सुंदर होतं."

तिने ते ता. क. तीनदा वाचलं. मग उत्तर लिहिलं, "बोलता येणार नाही म्हणजे काय???" तीन प्रश्नचिन्हं देऊन.

त्यावर त्याने फोनच केला. अर्धा तास भांडण झालं. दुसऱ्या दिवशी परत फोन आला, तेव्हा ती म्हणाली, "आता काय, कुठलं कलम राहिलं?"

"कलम नाही. असाच केला," तो म्हणाला. "कालचं भांडण अर्धवट राहिल्यासारखं वाटलं."

असं करता करता रोजच फोन व्हायला लागला. ती लॅबमधून आली की बूट काढायच्या आत. तो लिमरिकच्या एका कारखान्यात होता, हृदयात बसवायच्या नाजूक नळ्यांचे कागद तपासायचा. एक टिंब चुकलं तरी अख्खी पेटी परत पाठवायचा. "म्हणूनच हा रजिस्ट्रारचा उद्योग माझ्या गळ्यात पडला," तो म्हणायचा. तोसुद्धा खेळाडू होता, म्हणजे कागदावर. मार्च २०२० मध्ये शॅनन हेरॉन्सच्या बी टीममध्ये नाव घातलं, शर्ट मिळाला, आणि पुढच्याच आठवड्यात देश बंद झाला. पंधरा महिने तो शर्ट घालून त्याने फक्त घरात पोळ्या लाटल्या होत्या.

"गोल येतात का?"

"चेंडूपेक्षा बऱ्या."

निहारिका हसली. आणि मग, का कोण जाणे, तिने त्याला भावाच्या लग्नाचं सांगितलं. डिसेंबर २०२०. विमानं नव्हती, होती त्यांचा भरवसा नव्हता. तिने नासच्या स्वयंपाकघरात पैठणी नेसून, मोबाइल बरणीला टेकवून लग्न पाहिलं होतं. मंगलाष्टकं अडकत अडकत येत होती. 'सावधान' म्हटल्यावर तिने अक्षता टाकल्या, त्या समोरच्या कपाटाच्या दारावर आपटून टाइल्सवर सांडल्या. मग तिनेच केर काढला. "तिकडे पंगत बसली होती, आणि मी पैठणीचा पदर खोचून तांदूळ झाडत होते. रोज कामाला जायचं तर हायवेवर गार्डा पोलीस थांबवायचे, मालकाचं पत्र दाखवायला लागायचं. फिरायला घरापासून दोन किलोमीटर, मग पाच किलोमीटर. ते अख्खं वर्ष मी इथे असं काढलंय, आलोक. आणि तुझी लीग म्हणते, ते मोजायचं नाही."

'तुमची'चं 'तुझी' कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "आणि मला आता फार राग येतोय."

नऊ जुलैला संध्याकाळी सात वाजता बैठक सुरू झाली. पडद्यावर सात चौकोन होते. अध्यक्ष मॉरीनबाई, समितीचे चार लोक, आलोक, आणि कोपऱ्यात आवाज बंद केलेली निहारिका. डेक्लन समितीतच होता. अर्थात!

विषय चार आला. मॉरीनबाई म्हणाल्या, "नियम स्पष्ट आहे. आणि रजिस्ट्रारला कुठल्याही खेळाडूची बाजू घेता येत नाही, हेही. मतदानच घेऊ या ना?"

"एक मिनिट," आलोक म्हणाला. "त्याआधी रोस्टरमध्ये एक बदल आहे. बाहेर, ए. सरपोतदार, रजिस्ट्रार. या क्षणापासून. आता मी साधा खेळाडू आहे, तोही बी ग्रेडचा. बोलू?"

निहारिकाच्या हातातला कप हातातच राहिला.

मॉरीनबाईंनी चष्मा वर सरकवला. "बोल."

त्याने एक कागद पडद्यावर आणला. २०१९ च्या शेवटच्या सामन्यात एका मॅनेजरने अंपायरच्या अंगावर हातमोजा फेकला होता, त्याला तीन सामन्यांची बंदी झाली होती. ती २०२० मध्ये भोगायची होती. "यंदा मे महिन्यात समितीने लिहून दिलंय," आलोक म्हणाला, "की २०२० चा सीझन होऊन गेल्यामुळे ती बंदी पूर्ण झाली असं समजावं. म्हणजे शिक्षा संपवायला ते वर्ष होतं. मग खेळाडूची दोन वर्षं भरायला ते कुठे गेलं? मॅनेजरचं नाव मी घेत नाही. ते इथेच बसलेत."

डेक्लनचा चौकोन एकदम काळा झाला. त्याने कॅमेरा बंद केला होता.

"ज्यांची दोन वर्षं अशी अडकलीत ते एकोणीस जण आहेत," आलोक पुढे म्हणाला. "कुणी व्हेनेझुएलाचं, कुणी जपानचं. त्या वर्षी त्यांच्या घरी जे काही झालं, ते त्यांनी फोनवर पाहिलं. आपण निदान त्यांना 'तुम्ही इथे होतात' एवढं तरी म्हणू या."

निहारिकाने स्वतःचा कॅमेरा घाईघाईने बंद केला. डोळ्यांत पाणी आलेलं तिला कुणाला दाखवायचं नव्हतं, विशेषतः त्याला.

तीन विरुद्ध एक. डेक्लनने मत दिलंच नाही. २०२० मोजलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डेक्लनचा फोन आला, काही झालंच नाही अशा आवाजात. "म्हटलं नव्हतं, यू आर ग्रँड? पुढच्या शनिवारी ये. शॉर्टस्टॉप तुझंच."

"पण टीम तर पंधराची भरलीये," निहारिका म्हणाली. "मग बाहेर कोण?"

"केला नावाची ती अमेरिकन मुलगी."

"तिला सांगितलंस?"

"गुरुवारी मेल जाईल की."

निहारिकाने मग जे बोलायला सुरुवात केली, ते सव्वा पाच मिनिटं चाललं, आणि त्यात ग्रँड म्हणण्यासारखं काहीही नव्हतं. फोन ठेवल्यावर तिने मॉरीनबाईंना चार ओळींची मेल लिहिली. आता ती इम्पोर्ट नव्हती, कुठल्या टीममध्ये जायचं ते तिचं तिला ठरवता येत होतं.

रविवारी पावणेदोन तास गाडी चालवून ती लिमरिकला हेरॉन्सच्या सरावाला पोचली. आलोक आउटफिल्डमध्ये एक चेंडू शोधत होता, गुडघाभर गवतात वाकून. तिला बघून तो धावत आला, आणि तिने ट्रान्सफरचा कागद पुढे करताच थबकला.

"बी ग्रेड? तू?" तो चक्क ओरडला. "वेड लागलंय का तुला? मी पद सोडलं ते काय तू इथे येऊन आमचे उडते चेंडू बघावेस म्हणून? आमच्याकडे एकाला अजून कळत नाही, पळायचं कुठल्या दिशेने!"

"कोणाला?"

"मला!"

तिला हसू दाबता येईना. पण त्याचा राग खरा होता. कपाळावरची शीर तटतटली होती. आजवर तिच्या खेळासाठी तीच एकटी चिडत आली होती. दुसरं कुणी इतकं चिडलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

"तुझ्यासाठी आलेय असं वाटतंय की काय?" ती म्हणाली. "जिथे माणसाला काढताना फोनही करत नाहीत, तिथे मला खेळायचं नाही. खेळ माझा आहे. ए मध्ये असला काय, बी मध्ये असला काय. तो मी नेईन तिथे येतो."

आलोकने कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग ताठ उभा राहिला, अगदी शाळेत उभं राहतात तसा. "निहारिका भंगाळे, तुम्ही हेरॉन्सकडून खेळाल का? आमचा शॉर्टस्टॉप कॉर्कला गेलाय, आणि विचारायची जबाबदारी माझ्यावर आहे."

"विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि त्याच्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. पेन दाबून, सावकाश. तो श्वास रोखून उभा होता, ते तिला शर्टातून कळत होतं.

पहिला सामना सात ऑगस्टला झाला. हेरॉन्स एकोणीस-चारने हरले. चारपैकी तीन रन निहारिकाचे होते. आलोककडे आयुष्यातला पहिला खराखुरा झेल आला, आणि त्याने तो दोन्ही हातांनी, डोळे मिटून, सोडला.

सगळे गेल्यावर बेस गोळा करायचं काम दोघांवर आलं. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं, चिखलाला वाफ येत होती. तिसरा बेस जमिनीत रुतला होता. एका बाजूने तिने धरला, दुसऱ्या बाजूने त्याने.

"गप्प का आहेस?" ती म्हणाली.

"हरलो ना. तो झेल—"

"झेल गेला खड्ड्यात! मी चिडलेय तुझ्यावर."

"झेलासाठी नाही?... मग कशासाठी?"

"कशासाठी?" तिने बेस सोडून दिला, तो थपकन खाली पडला आणि दोघांच्याही पायांवर चिखल उडाला. "सात आठवडे झाले आलोक! रोज फोन. पावसावर बोलतोस, पोळ्यांवर बोलतोस, घरमालकाच्या मांजराच्या पोटावर बोलतोस. भर बैठकीत पद सोडतोस. इतकं सगळं करतोस आणि जे बोलायचं ते सोडून सगळं बोलतोस! मी पावणेदोन तास गाडी चालवत येते, ती काय एकोणीस-चार हरायला? मी काय समजायचं? तूच सांग, काय समजायचं मी!"

आलोकचे कान पुन्हा टोकापर्यंत लाल झाले.

"मी रोज ठरवायचो," तो म्हणाला. "फोन करायच्या आधी लिहूनसुद्धा काढायचो. पण तू 'हॅलो' म्हणालीस की... वाटायचं, हिला आधीच इतक्या लोकांनी न विचारता इकडून तिकडे ढकललंय. आपण बोललो आणि तिला ते नको असलं, तर तिची ही टीमपण जाईल. म्हणून..."

"म्हणून गप्प?"

"म्हणून गप्प." त्याने मान वर केली. "मला तू आवडतेस, निहारिका. फाटकावर मला गाढव म्हणालीस ना, त्या मिनिटापासून. चिडलेली आवडतेस. हसलेली त्याहून जास्त... पण ते कमी बघायला मिळतं."

खरं म्हणजे अजून थोडं भांडायचं बाकी होतं, दोन-तीन मुद्दे तिने येताना गाडीत पाठही केले होते. त्यातला एकही आठवेना. गालाला लागलेला चिखल तिने मनगटाने पुसला आणि तो आणखीच पसरला.

"मलाही," ती म्हणाली. एवढंच. आणि आपला चिखलाचा हात पुढे केला.

त्याने तो दोन्ही हातांत धरला. डोळे मिटले नाहीत.

थोड्या वेळाने फोन वाजला. आईचा व्हिडिओ कॉल होता, जळगावात जेवणं उरकली होती. निहारिकाने एका हाताने फोन उचलला, दुसरा मोकळा नव्हता.

"आई, ऐक ना... एक मुलगा आहे."

"अगं बाई!" आईचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला. "काय केलं त्याने? कितीदा सांगितलंय, लगेच अंगावर जाऊ नकोस. लागलं तर नाही ना त्याला?"